डावीकडचे दिवे

ऑगस्टच्या मध्याला गाडीची डावी बाजू तिसऱ्यांदा घासली, आणि खैरुद्दीनचं आणि त्याच्या मेहुण्याचं भर रस्त्यात वाजलं.

संध्याकाळचे पाच वाजले होते. आखातातल्या रास अल खैमात, नखीलच्या त्यांच्या जुन्या बिल्डिंगखाली रोज याच वेळेला टॅक्सी हात बदलायची. पहाटे पाच ते संध्याकाळी पाच खैरुद्दीन, तिथून पुढे पहाटेपर्यंत यहया. गाडी एक, ड्रायव्हर दोन. कंपनीचा नियम असा, की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं मिळून गाडीभोवती एक फेरी मारायची आणि कागदावर सह्या करायच्या. साजिदा थंड पाण्याची बाटली घेऊन खाली आली तेव्हा फेरी अर्ध्यावर थांबली होती. हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटत होती. यहया डाव्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि रिमवरून बोट फिरवत होता.

"दुल्हाभाई, हे बघा जरा."

"काय बघू? रोजचंच आहे तुझं."

"पहाटे मी गाडी दिली तेव्हा हे नव्हतं. माझ्याकडं मोबाईलमध्ये फोटो आहे."

"फोटो?" खैरुद्दीनचा आवाज चढला. "माझ्या नावाचे फोटो काढून ठेवतोस? सोळा वर्षं झाली मला इथं गाडी चालवून. रत्नागिरीच्या स्टँडवरची रिक्षा नाही ही, मनाला येईल तिथं वळवायला. यू-टर्नला रस्त्याच्या मधला कट्टा घासतोस, आणि वर मला दाखवतोस?"

"दोन वॉर्निंग लेटरं माझ्या नावावर आहेत. तिसरं आलं तर खलास, परत घरी. म्हणून काढतो फोटो."

"मग नीट चालव."

यहया उठला. त्याचे कान लाल झाले होते. तीस वर्षांचा माणूस, पण बहिणीचा नवरा समोर असला की मान खाली घालूनच उभा राहायचा. त्यानं साजिदाकडं पाहिलं, फोन परत खिशात टाकला आणि कागदावर सही केली. कागदावर छापलेलं होतं, गाडी ठीक आहे.

साजिदानं बाटली नवऱ्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. ती त्याच्या डाव्या हाताला उभी होती. तिनं बाटली उजवीकडं नेली, तेव्हा त्यानं लगेच घेतली आणि गटागटा प्यायला. यात तिला काही वेगळं वाटलं नाही. हल्ली ती त्याला सगळं उजवीकडूनच देत असे.

वर दस्तरखान अंथरलेलं होतं. चौघांचं मिळून दिवसातलं हे एकच जेवण. गावाकडं खाडीपट्ट्यात जेवत तसं, एका मोठ्या थाळीत भात, वर सार, कडेनं तळलेले तुकडे, आणि ज्यानं त्यानं आपल्या समोरचं खायचं. एका थाळीत हात घालणाऱ्या माणसांना भांडण बाहेर ठेवून येता येत नाही. ते थाळीभोवती येऊन बसतं. यहया खाली बघत जेवत होता. खैरुद्दीन सावकाश घास घेत होता. बारा वर्षांची फिझा त्याच्या डावीकडं बसली होती.

खैरुद्दीननं आपल्या पुढ्यातला उजवीकडचा भात संपवला, बोटं चाटली आणि हात आवरला. त्याच्या डाव्या अंगाला सुरमईचा अख्खा तुकडा तसाच होता.

"मासा घ्या की," साजिदा म्हणाली.

"झालं माझं."

"अब्बा ऑल्वेज लीव्ह्ज इट फॉर मी," फिझा म्हणाली आणि तो तुकडा आपल्याकडं ओढला.

शेजारच्या जहांआरा खाला दाराशी मीठ मागायला आल्या होत्या. त्या हसल्या. "साजिदा, नशीब काढलंस गो. रमजान झाल्यापासून बघते मी, माणूस किती बदलला. उजव्या बाजूनं खातो, आपल्या वाट्यातलं लेकीला ठेवतो. रोजे पावले त्याला."

साजिदालाही तसंच वाटत होतं. रमजाननंतर खैरुद्दीन कमी बोलत असे. कुणी काही दिलं तर पूर्ण वळून घेत असे, दारातून जाताना आधी उजवा खांदा पुढं काढत असे. मशिदीतून येताना एकदा कुणीतरी त्याला म्हणालं होतं, भाई, नमाजाच्या सफमध्ये जरा सरकून उभे राहा, डावीकडच्या माणसावर रेलता. तो म्हणाला, खांद्याला खांदा लावून उभं राहावं असंच सांगितलंय. समोरच्या माणसाला ते पटलं. घरातल्यांनाही पटलं.

टॅक्सी चालवायचा परवाना महिनाअखेर संपत होता. गाडी चालवण्याचं लायसन्स वेगळं आणि हा परवाना वेगळा. लायसन्स कुणाकडंही असतं. पण मागं बसलेला माणूस ज्याच्या भरवशावर डोळे मिटतो, त्याला हा जादा कागद लागतो. दरवर्षी त्याची तपासणी. डॅशबोर्डवर फोटोसकट लटकणारं ते कार्ड नसेल तर कंपनी गाडी देत नाही, गाडी नसेल तर व्हिसा राहत नाही, आणि त्याच्या व्हिसावर साजिदा आणि फिझा होत्या. साजिदा एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम करायची, पण तेवढ्यानं घर इथं ठेवता येत नव्हतं.

सोमवारी तपासणी होती. शाळा अजून उघडली नव्हती, म्हणून साजिदा बरोबर गेली. रक्तदाब झाला, साखर झाली, भिंतीवरची अक्षरं खैरुद्दीननं शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचली. मग त्याला पडद्यापलीकडं नेलं. त्या सेंटरमध्ये यंदा एक नवं मशीन आलं होतं. पांढऱ्या टोपासारखं, आत डोकं घालून बसायचं. समोर पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि आजूबाजूला कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एकेक डोळा झाकून.

साजिदा पडद्याबाहेर खुर्चीवर होती. बटणाचा टकटक आवाज येत होता. एकसारखा, न थांबता.

तपासणारी बाई पुण्याची निघाली. मुग्धा. वय तिशीच्या आतबाहेर, पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन पेनं. फॉर्मवरचं गाव वाचून ती मराठीत बोलायला लागली तसा खैरुद्दीनचा चेहरा खुलला.

"आपली माणसं भेटली. आता काळजी नाही."

मुग्धानं छापून आलेला कागद दोनदा पाहिला. "खैरुद्दीनभाई, तुम्ही दिवे बघून बटण दाबत होतात, की अंदाजानं?"

"बघून. म्हणजे... दिसतातच ना सगळे."

"हेच तर. तुम्हाला जरा जास्तच दिसलेत." ती हसली नाही. "प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा अशी असते, जिथं कुणालाच काही दिसत नाही. तुम्हाला नाही, मला नाही. मशीन मुद्दाम त्या जागेवर दिवा लावून बघतं. तुम्ही तिथंही बटण दाबलंत. बऱ्याचदा."

"म्हणजे मशीन माणसाला फसवतं?"

"माणूस मशीनला फसवतोय का ते बघतं. ही टेस्ट धरता येत नाही. पुढच्या सोमवारी परत या. झोपून या, आणि दिसलं तरच दाबा. न दिसलं तर नाही दाबायचं, सोपं आहे."

लिफ्टमध्ये खैरुद्दीन हसत सुटला. "ऐकलंस? कुणाला दिसत नाही ते मला दिसतं!" तळमजला आला तसा तो कुरकुरला. "आपल्याच भाषेतली बाई, एक सही करायला काय जात होतं तिचं?"

मंगळवारी जेवण झाल्यावर यहया गाडी घेऊन गेला आणि साजिदा म्हणाली, "चला, मी तुमची प्रॅक्टिस घेते."

तिनं भिंतीवर पेन्सिलीनं ठिपका काढला. खैरुद्दीनला समोर स्टुलावर बसवलं आणि चमच्याच्या दांड्याला कापसाचा बोळा गुंडाळला. बसमधल्या मुलांना ती शिकवायची तसं तिनं त्याला समजावलं : नजर हलवायची नाही, बोळा दिसला की मांडीवर थाप. मागून हळूच ती बोळा पुढं आणायची. उजवीकडून वर, थाप. उजवीकडून खाली, थाप. डावीकडून वर, थाप.

डावीकडून खाली. थाप नाही.

तिनं बोळा आणखी पुढं आणला. आणखी. तो जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला, तेव्हा थाप पडली.

"लक्ष द्या की."

"देतोय. तू आत्ता तर आणलास."

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिनं त्याचा उजवा डोळा झाकायला लावला, मग डावा. दोन्ही डोळ्यांनी तेच. तिनं सहा वेळा केलं, सातव्यांदा बोळ्याऐवजी आपली काचेची लाल बांगडी धरली. त्या एका कोपऱ्यात काहीही नेलं तरी मांडीवरचा हात हलत नव्हता. 

सुट्टीतला अभ्यास टाकून फिझा बघायला आली होती. ती गंमत म्हणून अब्बांच्या डाव्या गुडघ्याशी येऊन बसली, जमिनीवर मांडी घालून, आणि वर बघून तोंड वेडंवाकडं करायला लागली.

"फिझाला हाक मार," खैरुद्दीन ठिपक्याकडं बघत म्हणाला. "तिला धरू दे चमचा. तुला नीट जमत नाही."

फिझा हसली. मग तिचं हसू गेलं.

"अब्बा," ती म्हणाली, "आय ॲम राइट हियर."

खैरुद्दीननं मान वळवली. लेक त्याच्या गुडघ्याला चिकटून बसली होती. तो तिच्याकडं बघत राहिला, आणि साजिदा त्याच्याकडं.

"कधी आलीस?"

"आय वॉज हियर द होल टाइम."

"तिथं अंधार दिसतो का तुम्हाला?" साजिदानं विचारलं. "काळं काही?"

"काळं कशाला दिसेल? भिंत दिसते. लादी दिसते. सगळं भरलेलं दिसतं." तो उठला. उठताना डावा पाय स्टुलाला लागला आणि स्टूल कलंडलं. "थकलोय मी. बारा तास उन्हात असतो. तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"फिझाचे अब्बा, उद्या सुट्टी टाका."

"आणि परवाना संपायच्या आठवड्यात आजारी पडलो म्हणून सांगू? मूर्ख आहेस का?"

तो आत जाऊन पडला. साजिदा लादीवर बसून राहिली. तिनं यहयाला फोन लावला आणि ते फोटो पाठवायला सांगितले. सगळे आले. बारा दिवसांचे, रोज पहाटेचे आणि रोज संध्याकाळचे, यहयानं न बोलता काढून ठेवलेले. पहाटेच्या फोटोंत रिम जसंच्या तसं होतं. नवा ओरखडा दर वेळी संध्याकाळच्या फोटोतच दिसत होता. तिनं फोन उलटा ठेवला. पाच महिने तिनं आपल्या भावाला घाईचा, बेफिकीर म्हणून मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. एकदा तर तोंडावरही म्हणाली होती.

पहाटे ती नवऱ्याच्या आधी तयार झाली. "आज आम्हाला बसच्या यार्डात बोलावलंय ट्रेनिंगला. मला सोडा."

"मीटर टाकावा लागेल. गाडीत कॅमेरा आहे."

"टाका."

ती पुढं बसली, त्याच्या उजवीकडं. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. डोंगराच्या बाजूनं सिमेंटचे ट्रक येत होते आणि काचेवर बाहेरून बाष्प धरत होतं. खैरुद्दीन चांगला चालवत होता. तिला वाटलं, आपण चुकलो. बोळा नीट धरला नसेल. हा सगळे आरसे बघतो, सिग्नल बघतो, सोळा वर्षं. 

यू-टर्नला त्यानं इंडिकेटर दिला, वेग कमी केला, पुढून येणारा रस्ता मोकळा आहे हे लांबवर बघून घेतलं आणि स्टिअरिंग डावीकडं फिरवलं.

मधल्या कट्ट्याला लागून एक माणूस सायकल धरून उभा होता. कॅरियरवर बेकरीचा ट्रे होता, अंगात फिकट निळा शर्ट. साजिदाला तो लांबूनच दिसला होता. खांबाच्या दिव्याखाली, गाडीकडंच बघत. एवढा स्पष्ट दिसत होता की खैरुद्दीनला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. गाडी वळली, वळत गेली, त्या निळ्या शर्टावरच चालली.

"डावीकडे! माणूस! माणूस आहे!"

ब्रेक लागला. ट्रे खडखडत रस्त्यावर पडला, खुबूसच्या रोट्या सगळीकडं पसरल्या. सायकलचं पुढचं चाक बंपरखाली गेलं होतं. माणूस कट्ट्यावर मागं कोसळला आणि दुसऱ्या क्षणी उठला. त्यानं बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"अंधा है क्या, भाई? अंधा है?"

खैरुद्दीननं काच खाली केली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कहाँ से आया तू?"

"कहाँ से? इधर ही तो खड़ा हूँ! तेरे को देख रहा हूँ, तू मेरे को देख रहा है!"

"लागलं का?" साजिदा मराठीतच ओरडत उतरली. त्याचं कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. तो खुबूस गोळा करत होता, ज्यांना माती लागली होती तेही. साजिदानं त्याच्याबरोबर गोळा केले. सगळे उचलून झाल्यावर ती गाडीकडं वळली. खैरुद्दीन अजून स्टिअरिंग धरून बसला होता. तो आपलं डोकं हळूहळू डावीकडं वळवत होता, मग सरळ करत होता, मग पुन्हा वळवत होता. सायकल दिसत होती. नव्हती. दिसत होती.

"साजिदा," तो म्हणाला, "रस्ता रिकामा होता. अल्लाशप्पथ सांगतो, रिकामा होता."

यहया टॅक्सी करून आला. त्यानं काही विचारलं नाही. कंपनीला फोन केला, पोलिसांना केला, सायकलवाल्याला चहा पाजला, आणि सगळं उरकल्यावर दुल्हाभाईला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं. आपल्याच गाडीत मागं बसायची खैरुद्दीनची ही पहिली वेळ. कुठं हात ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टर हैदराबादचा होता. त्यानं स्कॅनचा फोटो स्क्रीनवर लावला. करड्या मेंदूत मागच्या बाजूला, उजवीकडं, नखाएवढा एक काळपट डाग होता.

"आँखें बिलकुल ठीक हैं इनकी," तो साजिदाला म्हणाला. "आँख देखती है, पर समझता दिमाग है. दाईं तरफ़ का दिमाग बाईं तरफ़ का देखता है. उतना टुकड़ा अब काम नहीं करता. क्लॉट आया था. ताज़ा नहीं है, महीनों पुराना है. याद कीजिए, कोई दिन? तेज़ सिरदर्द, चक्कर?"

साजिदाला आठवायला वेळ लागला नाही. रमजानचा एकविसावा रोजा. दुपारी तो मधेच गाडी उभी करून वर आला होता, डोकं फुटतंय म्हणाला, भिंत धरून बसला. बोलताना शब्द अडखळत होते. ती म्हणाली होती, उन्हाचं आहे, रोज्याचं आहे, पडा जरा, इफ्तारला बरं वाटेल. तो म्हणाला होता, रोजा मोडणार नाही. तिनं खोलीचे पडदे ओढले, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि फिझाला सांगितलं, आवाज करू नकोस. संध्याकाळी तो उठला, खजूर खाल्ला, उजव्या हातानं, उजवीकडचा. तिनं मनोमन शुक्र मानला होता.

"त्या दिवशीच आणलं असतं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं स्क्रीन बंद केला. "अभी जो है, उसको देखते हैं. दवाई चलेगी. गाड़ी नहीं."

 पाच महिने एक माणूस घरात अर्धवट बघत वावरत होता, आणि ती त्याला पाणी उजवीकडून देत होती. तिच्या हाताला कळलं होतं. हातानं डोक्याला सांगितलं नव्हतं.

दोन रात्री त्याला ठेवून घेतलं. घरी आल्यावर यहया त्याच्यासमोर बसला.  खैरुद्दीन त्याच्या पायांकडं बघत होता.

"ती दोन लेटरं," तो म्हणाला. "मी कंपनीत सांगतो. माझी होती म्हणून."

"राहू द्या आता."

"राहू द्या काय? मी तुला सगळ्यांदेखत रिक्षावाला म्हटलं."

"रिक्षावालाच होतो की मी," यहया म्हणाला, आणि दोघंही कसंनुसं हसले.

पण रविवारी रात्री जेवण आटोपल्यावर खैरुद्दीन साजिदाच्या जवळ येऊन बसला. उजवी बाजू तिच्याकडं करून.

"हॉस्पिटलचा कागद हॉस्पिटलात. परवान्याचं ऑफिस वेगळं. त्यांना त्यांच्या सेंटरचाच कागद लागतो. विचारलंय मी."

साजिदानं दस्तरखानाची घडी घातली.

"त्या मॅडमनं सांगितलं ना, मशीन कसं पकडतं ते. मागच्या वेळी सारखं दाबत राहिलो म्हणून पकडला गेलो. या वेळी मधे मधे सोडायचं. नजर इतकीशी सरकवली तरी दिसतं मला, तिला कळणारही नाही." तो घाईघाईनं बोलत होता. "एक वर्ष. फक्त एक वर्षाचा परवाना. मी मान वळवून चालवीन, आता माहितीय मला. फिझाचं हे वर्ष इथं होऊन जाऊ दे. नाहीतर गावी जाऊन कुठल्या शाळेत घालणार तिला? मराठी वाचता येत नाही पोरीला."

"आणि तो सायकलवाला?"

"त्याला काही झालं नाही."

"मी ओरडले म्हणून." साजिदा उठली. "उद्यापासून माझी शाळा सुरू. सत्तावीस मुलं उतरवते मी रस्त्यावर. सगळी इतकी." तिनं कमरेजवळ हात धरला. "डावीकडून धावतात, उजवीकडून धावतात. तुमच्यासारखाच कुणीतरी परवाना घेऊन येत असतो."

"तो हॉस्पिटलचा कागद दे माझ्याकडं."

"नाही."

"साजिदा, नवरा आहे मी तुझा."

"म्हणूनच बरोबर येतेय उद्या. शाळेत उशिरा येते म्हणून कळवलंय."

तो रात्रभर कूस बदलत होता. सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. डाव्या गालाखाली थोडे केस तसेच राहिले होते. तिनं ते पाहिलं आणि पर्स उचलली.

सेंटरमध्ये गर्दी होती. भिंतीशी रांगेत बसलेले ड्रायव्हर, पेशावरचे, मलबारचे, सिल्हेटचे, सगळ्यांच्या हातात तसलाच फॉर्म. मुग्धानं नाव पुकारलं.

"झोप झाली का, भाई?"

"हो, मॅडम."

"लक्षात आहे ना? दिसलं तरच."

पडदा ओढला गेला. साजिदा बाहेरच्या खुर्चीत बसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये चार घड्यांचा हॉस्पिटलचा कागद. तिनं चेन उघडून हात आत ठेवला. तिनं ठरवलं होतं : मागच्यासारखी टकटक सुरू झाली तर उठायचं, पडदा सारायचा आणि कागद मुग्धाच्या हातात द्यायचा. त्यानंतर या माणसाबरोबर एका घरात कसं राहायचं, ते मागाहून बघता येईल.

मशीन सुरू झालं. दिवा एका जागेवरून दुसरीकडं न्यायला आत काहीतरी फिरायचं, त्याचा बारीक गुर्र आवाज व्हायचा. गुर्र, टक. गुर्र, टक. तिला समजत होतं, दिवे वर आहेत, उजवीकडं आहेत. गुर्र, टक. तिचे डोळे आपोआप मिटले होते.

गुर्र.

टक नाही.

गुर्र. टक नाही.  हे त्यानं मुद्दाम सोडलं असेल, ठरवलं होतं तसं, मधे मधे. आता दाबेल. गुर्र. आता. गुर्र. ओठांची बारीक हालचाल करत ती मोजायला लागली. चार. पाच. मधे एक टक आला, आणि लगेच पुन्हा नुसतं गुर्र. सहा. सात. त्या कोपऱ्यात दिवे लागत होते, एकामागून एक, आणि आत बसलेला माणूस बटणावर अंगठा ठेवून थांबला होता.

तिचा पर्समधला हात सैल पडला.

"खैरुद्दीनभाई," पडद्याआडून मुग्धाचा आवाज आला, थोडा बावरलेला, "डोळा उघडा आहे ना तुमचा?"

"उघडा आहे, मॅडम."

"मग बटण?"

 मशीन फिरत होतं.

"दिसलं की दाबतो," तो म्हणाला.